बुद्धिबळाची कोडी, आधी एकट्यानं आणि मग चारचौघांत : नऊ महिन्यांचा अनुभव

२८ जुलै २०२५ ला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. त्याच आठवड्यात मी माळ्यावरचा पट खाली काढला. शाळेत बरा खेळायचो, पण नोकरी लागली आणि खेळ सुटला तो सुटलाच. आता लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर रोज कोडी सोडवतो. नऊ महिने झाले, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

लिचेस पूर्ण फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. कोडी लोकांच्या खऱ्या डावांतून घेतलेली असतात, त्यामुळे पटावर अर्धवट राहिलेली हत्ती-प्याद्यांची गर्दी ओळखीची वाटते. विषय निवडून सराव करता येतो. मला ‘स्ट्रीक’ सगळ्यात आवडतं. घड्याळ नसतं, पहिली चूक झाली की खेळ संपला, म्हणून आपोआप विचार करून हलवतो माणूस.

पहिले दोन महिने मी एकट्यानंच सोडवली. रेटिंग वाढत होतं, पण डावात फरक पडेना. कारण कळायला वेळ लागला. शह दिसला की द्यायचा आणि बरोबर निघालं की पुढचं कोडं उघडायचं, असा हात बसला होता माझा. खेळी बरोबर का, आणि शेजारची तशीच दिसणारी खेळी का चालत नाही, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

ते विचारायला लागलो लक्ष्मीनगरात, एका ओळखीच्यांच्या पोर्चमध्ये. दर रविवारी सकाळी साडेसातला आम्ही पाच-सहा जण बसतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, दोन कॉलेजची पोरं, नववीतली एक मुलगी, मी. गुंडाळी करायचा रेक्झिनचा पट आहे, कोपरे वर येतात म्हणून दोन बाजूंना पाण्याच्या बाटल्या ठेवतो. नियम दोनच. सोंगट्यांना हात लावायचा नाही, आणि उत्तर सांगताना समोरच्याची सगळ्यात चांगली खेळीही सांगायची.

दिवाळीनंतरचा एक रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवशी सावेद्राची प्रसिद्ध रचना, म्हणजे पटावर मांडलेलं कोडं, लावली होती. पांढरा राजा बी६, प्यादं सी६ (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग). काळा राजा ए१, हत्ती डी५. खेळी पांढऱ्याची. प्यादं सी७ ला जातं, काळा हत्ती शहामागून शह देत सुटतो, पांढरा राजा बी५, बी४, बी३ असा उतरत सी२ ला येतो. मग काळा हत्ती शांतपणे डी४ वर जाऊन बसतो.

काका म्हणाले, “आता काय राहिलं, प्यादं शेवटच्या घरात नेऊन वजीर करायचा.”

नववीतली पोरगी म्हणाली, “काका, वजीर नका करू. हत्ती करा.”

“काहून? वजीर सोडून हत्ती कोण करतं?”

तिनं हात मांडीखाली दाबून ठेवत बोलून दाखवलं. वजीर केला तर काळा सी४ वर हत्ती देऊन शह देतो, वजिरानं तो मारला की काळ्या राजाला हलायला घरच उरत नाही, स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. हत्ती केला तर ए८ वरून मात करायची धमकी राहते. काळा हत्ती ए४ वर आडवा आला की पांढरा राजा बी३. तिथून तो हत्तीही मरतो आणि सी१ वर मातही आहे, दोन्ही कोण वाचवणार? काका पाच मिनिटं पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पुन्हा सांग बेटा, सावकाश.”

१८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बार्बिए यांनी ही रचना काळ्याची बरोबरी म्हणून छापली होती. सावेद्रा या धर्मगुरूंनी त्यातली हत्तीची खेळी दाखवून दिली. त्या रविवारी आमच्या पोर्चमध्ये हेच पुन्हा घडलं, म्हणून मला ती सकाळ फार मोलाची वाटते.

अडचणीही आल्या. जलद पोरं उत्तर ओरडून टाकायची, तेव्हापासून चिठ्ठीवर लिहायला लावतो. व्हॉट्सॲपवर कोडं टाकलं की कोणीतरी इंजिनची, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामची, उत्तराची ओळ चिकटवायचं आणि बोलणंच संपायचं. आता इंजिन रविवारी तर्री पोहे झाल्यावरच उघडतो. एप्रिल लागल्यापासून कूलरच्या आवाजात हळू आवाजाचं ऐकू येत नाही, म्हणून सातला बसतो.

माझा डाव सुधारलाय. परवा ऑफिसच्या स्पर्धेत समोरच्याचा वजीर फुकट दिसत होता. मारण्याआधी थांबलो आणि तो मारला की मला मागच्या रांगेवर बसणारी मात सापडली.

या रविवारी बुद्धिबळपटू रेटीची १९२१ ची रचना लावणार आहोत. पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्यानं खेळून बरोबरी करायची. चिठ्ठी घेऊन या, पोर्चमध्ये अजून दोन खुर्च्या मावतात.