मोटरहोमचा जुना गॅस गीझर: दुरुस्ती, नवा गीझर की टाकीविना गीझर?

मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतला गीझर किती वर्षांचा आहे, यापेक्षा त्याची टाकी कशी आहे हे आधी बघा. टाकीबाहेरचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि बदलता येतो. टाकीच झिरपत असेल तर लांबी भरून किंवा डाग लावून काही साधत नाही.

तपासण्याआधी गॅस, वीज आणि पंप बंद करा. पाणी पूर्ण थंड झाल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून दाब सोडा आणि मगच खालचं बूच काढा. सबर्बन कंपनीची टाकी काचेचा लेप दिलेल्या पोलादाची असते आणि बुचालाच, टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी जोडलेली असते. तीन चतुर्थांश झिजली की ती बदलावी. तिची नुसती तार उरली असेल, तर पाणी आता टाकीचं पोलाद खाऊ लागलं असणार. अ‍ॅटवुड कंपनीची टाकी अ‍ॅल्युमिनियमची. तिला अ‍ॅनोड नसतो, बूच नायलॉनचं असतं आणि ते नायलॉनचंच ठेवावं.

पाणी थर्माकोलच्या आवरणाखालून येत असेल तर टाकी गेली. बुचाच्या आट्यांतून येत असेल तर टेफ्लॉन टेप पुरते. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय म्हणून तो लगेच बदलू नका. टाकीच्या वरच्या भागातली हवा संपली की तापून फुगणारं पाणी तिथूनच वाट काढतं. हवा परत भरायला गार टाकीचा थंड पाण्याचा पुरवठा बंद करा, गरम नळ उघडा, दांडी उचला आणि पाणी थांबलं की सोडा. एवढं करूनही ठिबकत राहिलं तर व्हॉल्व्ह बदला.

दुरुस्तीचा खरा फायदा पेटण्याच्या तक्रारीत दिसतो. ठिणगीच नसेल तर ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड, त्याची तार किंवा गीझरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बघा, पण त्याआधी बॅटरीचे व्होल्ट मोजा. ठिणगी पडते आणि ज्योत येत नाही, तेव्हा गॅसचा व्हॉल्व्ह, जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्राची तोटी) किंवा बर्नरच्या नळीतलं कोळ्याचं जाळं कारण असतं. जेटमध्ये तार किंवा टाचणी कधीही घालू नका; छिद्र किंचित मोठं झालं तरी ज्योत पिवळी आणि काजळीची होते. ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल तर बोर्डाला ती जाणवत नाही: इलेक्ट्रोडचं टोक साफ करा, ते ज्योतीत येतंय का बघा, अर्थिंग घट्ट करा. ठिणगीची फट साधारण ३ मिमी असावी. बोर्ड सगळ्यात शेवटी बदलावा. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि चांगला बोर्ड उगाच काढतात.

पाणी कोमट येत असेल तर आधी बायपासचा व्हॉल्व्ह (थंड पाणी टाकीला वळसा घालून नेणारा) तपासा. हिवाळ्यासाठी उघडलेला तो नंतर अर्धवट उघडा राहिलेला असू शकतो.

टाकी गेली असेल तर त्याच मापाचा टाकीवाला गीझर हा सोपा मार्ग. ६ गॅलन म्हणजे सुमारे २३ लिटर. भोकाची रुंदी, उंची आणि खोली तिन्ही मोजा. कंपनी बदलली तर दरवाजाची चौकट जुळेलच असं नाही. चौकटीमागे नवी ब्युटिल टेप लावा, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीत उतरेल.

वाहतं पाणीच तापवणाऱ्या टाकीविना गीझरचं आकर्षण मोठं आहे: पाणी आणि गॅस असेपर्यंत गरम पाणी संपत नाही. मात्र टाकीवाल्याचा बर्नर ताशी सुमारे १२,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), तर याचा ४०,००० ते ६०,००० बीटीयूचा. रेग्युलेटर आणि गॅसची नळी तेवढा पुरवठा देते का, हे मॅनोमीटरने (गॅसचा दाब मोजण्याच्या साधनाने) तपासून घ्यावं. दाब ११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढा हवा. नळ बारीक सोडला की बर्नर विझतो, आणि गरम पाणी येईपर्यंत थंड पाणी वाया जातं. जे नळजोडणीशिवाय, गाडीतल्या साठ्यावर राहतात त्यांनी हा पर्याय टाळावा. बहुतेकांत विजेचा हीटरही नसतो, त्यामुळे मुक्कामाच्या तळावर वीज मिळत असूनही गॅसच जळतो. नेहमी नळजोडणी असलेल्या जागी राहणाऱ्या चारजणांच्या कुटुंबाला मात्र तो शोभतो.

कुठलाही पर्याय घेतला तरी गॅसचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा, आणि गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे याची खात्री झाल्यावरच बर्नर पेटवा.