नेब्रास्काचा भिंतीवरचा नकाशा: घेण्याजोगा, एका उणिवेसह

मुलगी शिक्षणासाठी ओमाहाला गेल्यावर दादरच्या एका दुकानातून मागवलेला अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचा हा नकाशा मला मनापासून आवडला. पूर्वेला मिसुरी नदीकाठी सखल असलेली जमीन पश्चिमेकडे चढत चढत सुमारे १,६५० मीटरपर्यंत कशी पोहोचते, हे उंचीनुसार बदलणाऱ्या रंगांमुळे एका नजरेत कळते. गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा सँडहिल्स प्रदेश बारीक ठिपक्यांनी फार सुरेख दाखवला आहे.

कोपऱ्यातील चौकटीत राजधानी लिंकन, ९३ काउंट्या (म्हणजे जिल्हे) आणि २०२० च्या जनगणनेतील १९,६१,५०४ ही लोकसंख्या दिली आहे. एवढ्या विस्तीर्ण राज्यात आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी माणसे राहतात. राज्यकारभाराची माहिती मात्र राज्यपालांच्या उल्लेखावरच संपते, हे खटकते. १९३७ पासून एकच सभागृह असलेले, ४९ सदस्यांचे आणि पक्षचिन्हाविना निवडले जाणारे असे विधिमंडळ अमेरिकेत अन्य कोणत्याही राज्यात नाही. विधानसभा आणि विधान परिषद दोन्ही असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला तेच सर्वाधिक जाणून घ्यावेसे वाटेल.

मुंबईच्या पावसाळी दमट हवेत लॅमिनेशन हवेच, परंतु चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड पडून गावांची नावे वाचता येत नाहीत, म्हणून मॅट प्रतच मागावी.