मीटरचा बल्ब ‘गेला’ नव्हता, काढला होता

गेल्या दिवाळीनंतर मी पुण्यात एका एजंटकडून जुनी अल्टो घेतली. 2011 चं मॉडेल, पेट्रोल, किंमत 1 लाख 10 हजार. ‘डॉक्टरांची गाडी आहे ताई, सिंगल हँड, इंजिन मक्खन.’ (पुण्यात विकायला येणाऱ्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्याच कशा असतात, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं.) मी बघायला गेले तेव्हा गाडी दारात चालूच होती. ‘तुम्ही येताय म्हणून गरम करून ठेवली,’ म्हणाला. मला ते अगत्य वाटलं.

एक उणीव त्याने स्वतःहूनच सांगितली. ‘मीटरचे दोन बल्ब गेलेत, रात्री जरा अंधार वाटेल. शंभर रुपयांचं काम.’ क्षुल्लक खोट आपणहून सांगणारा माणूस प्रामाणिक वाटतो, आणि मी तिथेच फसले.

दोन आठवड्यांनी रात्री कात्रजचा घाट उतरताना स्पीड दिसेना. घराजवळच्या इलेक्ट्रिशियनने मीटरवर टॉर्च मारून पाहिलं आणि ‘अख्खा मीटर बदलावा लागेल, साडेपाच हजार’ असं सांगितलं. बल्ब काढूनसुद्धा पाहिला नाही. शिवाय जुन्या बाजारातला दुसरा मीटर बसवला की किलोमीटरचा आकडाही दुसऱ्याच गाडीचा येणार. तेव्हा म्हटलं, आपणच उघडू. घरातले मिक्सर, इस्त्र्या मीच उघडते, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरची भीती नाही.

नाना पेठेत जाऊन बल्ब आणले. याला मागे पितळी टोपी नसते, नुसतं काचेचं बूड. दुकानदार ‘कॅपलेस’ म्हणतात. उजेडाचा मोठा तो टी-10, खुणांच्या दिव्यांचा बारीक तो टी-5. दुकानदार एलईडी घ्या म्हणत होता. मी साधेच घेतले, कारण एलईडी उलटा बसला की लागत नाही, मग पुन्हा सगळं खोला. आणि बॅटरीच्या खुणेच्या जागी तर एलईडी घालूच नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून जातो.

रविवारी सकाळी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मीटरभोवतीच्या कड्याचे स्क्रू, मग मीटरचे स्क्रू, मागचे कनेक्टर, आणि मीटर हातात. पाठीवर प्लास्टिकचे होल्डर असतात, डावीकडे पाव फेरी फिरवले की बाहेर येतात. ज्यांच्या गाडीत स्टीअरिंगमध्ये एअरबॅग आहे त्यांनी मात्र हे माझं बघून करू नये.

उजेडाचे दोन्ही बल्ब खरोखरच जळलेले होते, काच आतून काळी. ते बदलले. काम खरं तर तिथे संपलं होतं. पण उघडलंच आहे तर सगळे होल्डर पुसून घेऊ म्हणून एकेक काढत गेले, आणि एक होल्डर रिकामा निघाला. त्यात बल्बच नव्हता. होल्डर नीट परत बसवलेला, आणि आतल्या बाजूला त्या खुणेमागे काळी चिकटपट्टी, शेजारच्या बल्बचा उजेडही तिथून झिरपू नये म्हणून. मीटर उलटा करून पाहिला. ती लाल तेलाच्या बुधलीची खूण होती, ऑइल प्रेशरची.

जळलेला बल्ब होल्डरमध्येच असतो, तो उठून कुठे चालत जात नाही.

टी-5 मी जास्तीचा आणला नव्हता. अप्पर लाइटच्या निळ्या खुणेचा काढून तिथे घातला, पट्टी खरवडली, सगळं जोडलं. चावी ऑन केली, बुधली लाल पेटली. इंजिन सुरू केलं, विझली. जीव भांड्यात पडला. वीस-पंचवीस मिनिटं फिरून आले, गल्लीच्या तोंडाशी थांबले, आणि इंजिन मंद झाल्याबरोबर बुधली लुकलुकायला लागली.

मेकॅनिकने प्रेशरचा स्विच काढून त्या जागी गेज लावला. गार इंजिनला काटा ठीक, गरम झालं की खाली. ऑइल सोडलं तर ते काकवीसारखं उतरलं. आवाज दबावा म्हणून कुणीतरी जाड ऑइल ओतून ठेवलं होतं. क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची, बेअरिंगं गेली होती. बिल झालं 31 हजार, आणि मेकॅनिक म्हणाला, ‘ताई, नशीब समजा. आणखी महिनाभर चालवली असती तर क्रँकच गेला असता.’

त्या अगत्याचा अर्थ मला तेव्हा लागला. चालू गाडीत हे इशाऱ्याचे दिवे विझलेलेच असायला हवेत. ते जिवंत आहेत की नाहीत हे कळतं ते गाडी बंद असताना, चावी ऑन करून, स्टार्टर न मारता. त्या वेळी ऑइल, बॅटरी, इंजिन आणि असतील तर एबीएस आणि एअरबॅग, सगळे पेटले पाहिजेत. एखादा पेटलाच नाही तर ‘बल्ब गेला असेल’ यावर विश्वास ठेवू नका. मेकॅनिकने आणखी एक चलाखी सांगितली: काहीजण बल्ब काढत नाहीत, त्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. मग तो पेटतोही आणि विझतोही, अगदी बॅटरीच्या दिव्याबरोबर, एकाच क्षणी. ऑइलचा खरा दिवा गार इंजिन सुरू करताना किंचित उशिरा विझतो. म्हणून आता कुणाची गाडी बघायला गेले की आधी बॉनेटवर हात ठेवते. गरम असेल तर संध्याकाळी परत येते म्हणून सांगते.

एजंटकडे गेले. ‘आम्ही काय मीटर उघडून बघतो होय?’ मी चिकटपट्टी दाखवली. त्याने पाचशेचा स्टॅम्पपेपर दाखवला, त्यात ‘गाडी जशी आहे तशी पसंतीने घेतली’ या ओळीखाली माझी सही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणारा म्हणून त्या डॉक्टरांचं नाव, एजंटचं कुठेच नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, हे मला त्यानंतर कळलं. ते दाखवा म्हटल्यावर ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं.

मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मीटरचे, पट्टीचे, बिलाचे फोटो एजंटला पाठवले. आठवडाभर फोन उचलला नाही. नंतर एके दिवशी यूपीआयवर चार हजार आले. शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, ‘बल्बचे’.