टीपी-लिंक आर्चर सी६ : अँटेना मोजू नका, सेटिंगमध्ये शिरता येतं का ते बघा

राउटर घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार आधी अँटेना दाखवतो. हा चारचा, हा सहाचा, हा बघा ताई एकदम स्पोर्टी लूक. मी आर्चर सी६ घेतला तो अँटेना बघून नाही (बाहेर चार आहेत, असोत बापड्या). घेतला कारण मला माझ्याच घरातल्या वायफायचं सेटिंग उघडता येत नव्हतं. म्हणजे नेटचे पैसे मी भरणार, लाईटबिल माझं, भिंतीला भोक माझ्या, आणि साधा पासवर्ड बदलायचा तर ऑपरेटरच्या माणसाला फोन. तो म्हणणार "ताई, लॉगिन आमच्याकडेच असतं, तुम्ही नका हात लावू, संध्याकाळी मुलगा पाठवतो." कुठल्या संध्याकाळी ते काही सांगत नाही. ऑपरेटरचं नाव घेत नाही, गल्लोगल्ली असेच आहेत. तर हा रिव्ह्यू रेंजबिंजपेक्षा जास्त त्या सेटिंगच्या पानाबद्दल आहे, कारण दोन-अडीच हजाराच्या राउटरमध्ये रेंज सगळ्यांची साधारण सारखीच असते, फरक पडतो तो तुम्हाला आत जाता येतं का आणि आत गेल्यावर काही कळतं का याने.

पण त्याच्या आधी तुमचा राउटर नक्की कुठला डबा आहे ते शोधा. हसू नका, खरंच सांगते. इंटिरियरवाले तो टीव्ही युनिटच्या मागे कोंबतात, काही घरात माळ्यावर जुन्या सुटकेसांच्या शेजारी असतो, भाड्याच्या घरात तर मालकालाही माहीत नसतं. सोपी पद्धत म्हणजे फायबरची वायर धरून जायचं. बाहेरून बारीक काळी वायर येते, घरात पुढे बऱ्याचदा पिवळी होते, तिच्या टोकाला हिरवा कनेक्टर असतो, आणि तो ज्या डब्यात घुसतो तो ओएनटी, ज्याला आपण सगळे मॉडेम म्हणतो. त्याच्यावर पॉनची लाईट स्थिर हिरवी पाहिजे. लॉसची लाल लाईट लागली असेल तर फायबरमध्येच गडबड आहे, मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा काही होणार नाही, ऑपरेटरला फोन करा. आता या ओएनटीतून एक लॅनची वायर निघून दुसऱ्या डब्यात जात असेल तर तो दुसरा डबा तुमचा राउटर. जात नसेल तर एकाच डब्यात दोन्ही आहे. डबा नजरेलाच पडत नसेल तर अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप टाका आणि घरभर फिरा, आकडा उणे सत्तर-ऐंशी दाखवत असेल तर लांब आहात, उणे तीस-चाळीसच्या आसपास आला की तो तिथेच कुठेतरी आहे, वर बघा.

डबा सापडला की पत्ता. इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात. कोणीतरी सांगतं १९२.१६८.१.१ टाक, ते उघडत नाही, मग गुगलवर शोधतात आणि जाहिरातींच्या पानांवर जाऊन पोचतात. अहो कंपनीगणिक हा पत्ता वेगळा असू शकतो. या सी६ चा १९२.१६८.०.१, जिओफायबरच्या डब्याचा १९२.१६८.२९.१, शाओमीचा १९२.१६८.३१.१. हे पाठ करायची काही गरज नाही, तुमचा फोन ज्या वायफायवर आहे त्यालाच विचारा. आयफोनवर सेटिंग, वायफाय, नावाच्या पुढचा आय दाबा, खाली राउटर म्हणून आकडा दिसेल. अँड्रॉइडवर वायफायच्या तपशिलात गेटवे म्हणून असतो. विंडोजवर काळी कमांडची खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाका, डिफॉल्ट गेटवेच्या पुढे जे येईल तेच. मग तो आकडा ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या पट्टीत टाकायचा, गुगलच्या शोधाच्या चौकटीत नाही. आणि एकच्या जागी इंग्रजीतला छोटा एल टाकू नका, दिसायला सेम दिसतो म्हणून खूप जणांचं होतं हे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे ऑफिसात बसून घरचा राउटर त्या आकड्याने उघडणार नाही, घरच्या वायफायवरच पाहिजे. फोनवरून करत असाल तर मोबाईल डेटा आणि व्हीपीएन तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर फोन शहाणपणा करून दुसऱ्याच वाटेने जातो. ब्राउझर "सुरक्षित नाही" म्हणून लाल पाटी दाखवेल, घरातल्या घरात आहे, चालतं, पुढे जा.

सी६ मध्ये आकड्याऐवजी टीपीलिंकवायफाय डॉट नेट हा पत्ता पण चालतो. हा पत्ता त्या राउटरला जोडलेलं असतानाच राउटर स्वतः पकडतो, दुसऱ्याच्या वायफायवरून टाकलात तर तुमचं सेटिंग येणार नाही. अँड्रॉइडवर प्रायव्हेट डीएनएस चालू केलेलं असेल तरी नावाने उघडायला नखरे होऊ शकतात, मग सरळ आकडा टाका.

आता मला हा डबा आवडला त्याचं मुख्य कारण. पहिल्यांदा उघडलं की अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असला जगजाहीर पासवर्ड नसतो, तो तुम्हालाच नवीन पासवर्ड बनवायला लावतो. वायफायचा सुरुवातीचा पासवर्ड आणि नाव खालच्या स्टिकरवर छापलेलं असतं, पण सेटिंगचा पासवर्ड तुमचाच. हे दोन वेगळे पासवर्ड आहेत हे घरात सगळ्यांना एकदा बसवून सांगा, कारण आमच्याकडे सासूबाई पाहुण्यांना कुठला देतील नेम नाही. त्यानंतर तो नेट कुठल्या प्रकारचं आहे ते विचारतो. लोकल ऑपरेटर असेल तर बहुतेक पीपीपीओई असतं, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकायला लागतं, आणि हे दोन्ही ऑपरेटरकडून आधीच लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर मागा म्हणजे पुरावा राहतो. सगळं बरोबर टाकून पण नेट येत नसेल तर शक्यता अशी की ऑपरेटरने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलाय, सी६ मध्ये मॅक क्लोन म्हणून सोय आहे, जुन्या डब्याचा मॅक तिथे भरा. काही ठिकाणी व्हीलॅन नंबर (ऑपरेटर आपल्या लाईनला देतो तो क्रमांक, त्याच्याकडूनच मागा) लागतो, तो आयपीटीव्हीच्या पानात भरायचा असतो, तिथे कोणी शोधायला जात नाही म्हणून सांगितलं.

ओएनटीमध्येच वायफाय असलेला ऑपरेटरचा डबा असेल तर दोन मार्ग आहेत. एक, ऑपरेटरला सांगून तो डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो नेट फक्त पुढे पाठवतो, राउटरचं काम करत नाही) टाकून घ्यायचा आणि पीपीपीओई सी६ मध्ये भरायचं, म्हणजे घराचा कारभार सगळा सी६ कडे. दोन, ऑपरेटर ऐकतच नसेल (नाहीच ऐकत) तर सी६ ला सेटिंगमधून अ‍ॅक्सेस पॉइंट करून टाका, मग तो फक्त वायफाय देतो आणि पत्ते वाटायचं काम जुना डबाच करतो. यात एक मेख आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट केल्यावर सी६ चा स्वतःचा पत्ता बदलतो कारण त्यालाही आता मोठ्या डब्याकडून पत्ता मिळतो, आणि मग लोक म्हणतात राउटर हरवला, उघडतच नाही. नावाने उघडून बघा, नाहीतर मोठ्या डब्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत शोधा, किंवा टेदर नावाचं टीपी-लिंकचंच अ‍ॅप आहे ते शोधून देतं. दोन्ही डबे राउटर म्हणूनच एकापुढे एक ठेवलेत तर नेट चालतं, पण गेम खेळणारी पोरं आणि सीसीटीव्हीवाले बोंबलतात.

सीसीटीव्हीवरून आठवलं. घराबाहेरून कॅमेरा बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट कॅमेऱ्यापर्यंतची वाट) करून देतो म्हणणारे खूप भेटतात. त्यांना पैसे द्यायच्या आधी सी६ च्या स्टेटसच्या पानावर इंटरनेटचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यानचा असेल तर तुमचा ऑपरेटर एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटतोय, मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. हे असलं कळतं तेव्हा सेटिंग उघडता येण्याची किंमत कळते.

स्पीडबद्दल. हा एसी१२०० वर्गातला आहे, कागदावर २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ वर ८६७ एमबीपीएस, प्रत्यक्षात एवढं कुठल्याच राउटरवर मिळत नाही, तो हिशोब सोडा. महत्त्वाचं हे की मागचे पोर्ट गिगाबिट आहेत, एक नेटचा आणि चार लॅनचे. याच कंपनीचे सी२०, सी५० स्वस्त मिळतात पण त्यांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत, म्हणजे तुम्ही २०० चा प्लॅन घेऊन त्यात वायर खुपसली की ९५ च्या वर काही हलणार नाही, आणि तुम्ही ऑपरेटरला शिव्या घालत बसणार. खोक्यावर फास्ट इथरनेट लिहिलेलं दिसलं की ते फास्ट नसतं हे लक्षात ठेवा. सी६ लावूनही शंभरच्या आतच अडकत असेल तर मधली जुनी वायर बदला, आठपैकी एखादी तार तुटलेली असली तरी पोर्ट शंभरवर उतरतो.

वायफायच्या पानात स्मार्ट कनेक्ट नावाची गोष्ट आहे, ती चालू असेल तर २.४ आणि ५ दोन्हीचं नाव एकच दिसतं. रोजच्या वापराला छान, पण स्मार्ट प्लग, जुना प्रिंटर, हॉलमधला कॅमेरा असलं काही जोडायचं असेल तर आधी ते बंद करून दोन वेगळी नावं ठेवा कारण ही असली यंत्रं बहुतेक फक्त २.४ वर चालतात आणि सेटअप करताना गोंधळतात. ५ चा स्पीड चांगला पण भिंतींपुढे लवकर हात टेकतो, जुन्या बिल्डिंगच्या जाड भिंती असतील तर आतल्या खोलीत २.४ च धरा. २.४ चा चॅनेल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी जो शेजाऱ्यांनी कमी भरलाय तो ठेवा. सोसायटीत असलात तर याने फरक पडतो, स्वतंत्र बंगला असेल तर काही गरज नाही. अँटेना उभ्या ठेवा, सिग्नल मेदूवड्यासारखा आजूबाजूला पसरतो, अँटेनाच्या टोकातून पुढे फवारा मारल्यासारखा नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर रेंज हवी म्हणून अँटेना वर रोखून ठेवण्यात अर्थ नाही, उलट एखादी आडवी करून बघा. फ्रिजच्या मागे, लोखंडी कपाटात, माशांच्या टाकीच्या शेजारी ठेवू नका, शोभेसाठी तर अजिबातच नको.

आत गेलाच आहात तर अजून थोडं करून घ्या. डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग उघडायची सोय) बंद आहे ना ते बघा, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट तपासा (ते चालू असताना लाईट गेली तर डबा बाद होऊ शकतो, त्यामुळे भारनियमनाच्या वेळी हा उद्योग नको). पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढा, त्यातून ते नेट वापरतात पण तुमच्या घरातल्या बाकी यंत्रांपर्यंत पोचत नाहीत, क्लासच्या मुलांना किंवा पेइंग गेस्टला द्यायला बेस्ट. राउटरच्या लाईट रात्री ठराविक वेळात बंद ठेवायची पण सोय आहे, बेडरूममध्ये डबा असेल त्यांना कळेल याचं मोल. सेटिंगमध्ये एका वेळी एकालाच लॉगिन करता येतं, म्हणून दुसरं कोणी आत असेल तर तो तसं सांगतो, घाबरू नका, हॅक झालेलं नाही, नवऱ्याने त्याच्या लॅपटॉपवर पान उघडं ठेवलंय. आणि रिसेटचं बटण. ते दाबायच्या आधी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड हातात आहे का बघा, कारण रिसेट म्हणजे सगळं कोरं. सेटिंगमध्ये बॅकअपची फाईल काढून ठेवता येते, ती काढून ठेवा की, एक मिनिटाचं काम आहे.

काय नाहीये ते पण सांगते. यूएसबी पोर्ट नाही, म्हणजे पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्क लावून घरभर सिनेमे बघायचे असतील तर हा नाही. वायफाय ५ चा आहे (ही वायफायची पिढी, वरचे ५ गिगाहर्ट्झ नव्हेत), ६ चा नाही. तुमच्याकडे सगळे नवे फोन-लॅपटॉप आणि घरात एकदम बरीच माणसं नेटवर असतील तर थोडे पैसे वाढवून एएक्स२३ कडे बघा, तो वायफाय ६ वाला आहे. तीन बेडरूमच्या लांबट घरात एकटा सी६ सगळीकडे पोचेल ही आशा ठेवू नका. सेटिंगचं पान मराठीत नाही, त्यामुळे आई-बाबांच्या घरी लावणार असाल तर टेदर अ‍ॅप त्यांच्या नाही तुमच्या फोनवर टाकून टीपी-लिंकच्या खात्याने जोडून ठेवा, मग पुण्यात बसून साताऱ्याचा राउटर रिस्टार्ट करता येतो आणि "अगं ते नेट गेलंय" हे फोन निम्मे कमी होतात.

बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन टॅब आहेत, नवशिक्याने बेसिकमध्येच राहावं, तिथे नाव, पासवर्ड, गेस्ट, पॅरेंटल कंट्रोल एवढं मिळतं आणि काही मोडत नाही. दोन बीएचके, तीनशे एमबीपीएसच्या आतला प्लॅन, लोकल ऑपरेटर असं असेल तर बिनधास्त घ्या.

लाईट जाणाऱ्या भागात राहात असाल तर सोबत मिनी यूपीएस घ्या. सी६ १२ व्होल्टवर चालतो, अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बघून घ्या, आणि ओएनटी पण त्याच यूपीएसवर लावा, नुसता राउटर चालू राहिला तर वायफायच्या काड्या फुल्ल आणि नेट शून्य.