घरात नसलेला कडबा कटर

आमच्या घरात म्हैस नाही, बैल नाही, कडबा कटर तर नाहीच. तरी माझ्या केसपेपरवर लिहिलंय की उजव्या हाताची दोन बोटं घरी कडबा कटरमध्ये गेली.

गेली ती बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, पॉवर प्रेसवर, जून 2022 मध्ये. सात माणसांची शेड, ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा नाही. माल भराभर निघावा म्हणून प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेली आड, काढून ठेवलेला. डायमधला, म्हणजे साच्यातला, जॉब सरळ करत होतो आणि पाय पॅडलवर पडला. तर्जनी आणि मधलं बोट.

मालकाने हाताला बनियन गुंडाळून स्वतःच्या गाडीतून नेलं. वाटेत म्हणाला, "कारखान्यात झालं म्हणालास तर पोलीस येतील, शेडला टाळं लागेल. कडबा कटर म्हण. तुझं सगळं मी बघतो की." मी येळ्ळूरचा, शेतीच्या गावचा, कुणाला शंका येणार? डॉक्टरांनी विचारलं, मी तेच सांगितलं.

दवाखान्याचं बिल त्याने भरलं, खोटं कशाला बोलू. बाराव्या दिवशी 25 हजार रुपये आणि कन्नडमधला स्टॅम्प पेपर घेऊन तो घरी आला. कन्नड मी बाजारात बोलतो, बसची पाटी वाचतो. कोर्टकचेरीचं कन्नड आपल्याला कुठलं? "पैसे पोचल्याची पावती आहे," म्हणाला. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. सातवी पास माणूस अंगठाबहाद्दर झाला!

हात बरा झाल्यावर कामावर घेईना. शेवटी वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद वाचून दाखवला: अपघात घरी झाला, मालकाने माणुसकीने मदत केली, आता काही मागणं नाही. मग त्याच्याच पाठीवर त्यांनी हिशोब मांडला. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के अपंगत्व धरत. पगार 12 हजार, त्याचे 60 टक्के 7,200. वय 40, त्या वयाला कायद्याने ठरवलेला गुणक 184.17. दोन्हींचा गुणाकार, त्याचे 20 टक्के: 2 लाख 65 हजारांवर. महिन्यात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज. आणि हक्क सोडल्याचा असला करार कायद्यापुढे चालतच नाही. दाव्याची मुदत तेव्हा दोन वर्षं होती. माझे दोनच महिने उरले होते.

स्टॅम्प पेपरचं भय गेलं, दावा लावला, पण केसपेपर नडतोय. म्हणून सांगतो, रक्त वाहत असलं तरी डॉक्टरांना शेड, मशीन, वेळ खरी सांगा आणि काय लिहिलं ते सोबतच्या माणसाकडून वाचून घ्या. माझ्या उलटतपासणीत मालकाच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "खोटं तेव्हा बोललात की आता?"

गार्ड काढलेल्या प्रेसचा फोटो एका सोबत्याच्या मोबाइलमध्ये आहे. तो अजून तिथेच कामाला आहे, दोन पोरं शाळेत. साक्षीला ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही.