उन्नतांश-दिगंश की विषुवांश-क्रांती? दुर्बीण घेणाऱ्यांनी आधी काय शिकावं

आकाश दाखवणारं ॲप उघडलं की एकाच ताऱ्यापुढे आकड्यांच्या दोन जोड्या दिसतात आणि नवीन माणूस तिथेच अडकतो, म्हणून हे.

उन्नतांश म्हणजे क्षितिजापासून किती अंश वर, दिगंश म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे फिरत किती अंश. पूर्व ९०, दक्षिण १८०. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, त्यामुळे गच्चीवर मोजायला दुसरं काही लागत नाही. पहिल्या रात्रीसाठी हेच बेस्ट. पण हा आकडा फक्त तुमच्या गच्चीचा आणि त्याच वेळेचा, पुण्यात व्याध बरोबर दक्षिणेला येतो तेव्हा ५५ अंशांवर असतो आणि दिल्लीत जेमतेम ४५ पर्यंत चढतो, म्हणून मित्राला पाठवून काही उपयोग नाही.

विषुवांश-क्रांतीचं तसं नाही. पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलंय असं समजा: क्रांती म्हणजे त्यापासून किती अंश उत्तरेला (दक्षिणेला असेल तर उणे), विषुवांश म्हणजे वसंतसंपातापासून (मार्चमध्ये सूर्य हे वर्तुळ ओलांडतो तो बिंदू) पूर्वेकडे किती, पूर्ण फेरी २४ तासांची. व्याध ६ तास ४५ मिनिटं, उणे १६ अंश ४३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), पुण्यात पण तेच आणि टोकियोत पण तेच. (पृथ्वीचा अक्ष डुलतो म्हणून हे आकडे हळूहळू बदलतात, कॅटलॉगमध्ये साल २००० चे असतात, नुसतं बघायला काही फरक पडत नाही.) विषुवांश तासांत असतो याचा खरा फायदा प्लॅनिंगला होतो. मृगातला तेजोमेघ एम ४२ चा विषुवांश ५ तास ३५ मिनिटं, म्हणजे तो व्याधाच्या १ तास १० मिनिटं आधी दक्षिणेला येणार, ॲप न उघडता कळतं! आणि ९० मधून आपला अक्षांश वजा करून त्यात क्रांती मिळवली (उणे असेल तर वजा केली) की किती उंच येणार तेही कळतं.

पंचांगातले ग्रहांचे अंश ही तिसरीच पद्धत, क्रांतिवृत्तावरची, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेवर मोजलेली. त्यात निरयन (वसंतसंपाताऐवजी ताऱ्यांमधल्या ठरावीक बिंदूपासून मोजलेले) असतील तर अयनांशाचा (या दोन आरंभबिंदूंमधल्या अंतराचा) सुमारे २४ अंशांचा फरक, म्हणून ॲपशी थेट जुळवू नका.

आता स्टँडचं. लाँग एक्सपोजर फोटो काढायचे असतील तर विषुववृत्तीय माउंट घ्या (त्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखला की तो ताऱ्यामागे फिरतो), पण पुण्यात ध्रुवतारा फक्त साडेअठरा अंशांवर, उत्तरेला बिल्डिंग असेल तर तो दिसतच नाही आणि अलाइनमेंटला वैताग येतो. नुसतं बघायचं असेल तर सरळ डॉब्सोनियन (वर-खाली आणि आडव्या फिरणाऱ्या साध्या स्टँडची दुर्बीण) घ्या. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशसुद्धा उन्नतांश-दिगंशातच फिरतात, लक्ष्य विषुवांश-क्रांतीत दिलेलं असतं आणि हिशोब कॉम्प्युटर करतो. तुम्हीही तसंच करा, दुर्बीण वळवायला पहिली पद्धत, वहीत लिहायला दुसरी.