बिलिंग सॉफ्टवेअरचं सुधारित इन्स्टॉलेशन मॅन्युअल: बसवून देणारीचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव लिहीत नाही. नागपूरच्या इतवारी, गांधीबाग, कळमना या भागातल्या ठोक दुकानांत मी त्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर बसवून देते. त्यामुळे सॉफ्टवेअर कसं आहे यापेक्षा मॅन्युअल कसं आहे, यावर माझी संध्याकाळ घरी जाणार की शेटच्या काउंटरमागे, ते ठरतं.

जुन्या मॅन्युअलची सुरुवातीची पानंच्या पानं कंपनीची ओळख आणि जीएसटीचं महत्त्व यात गेली होती. १ जुलै २०१७ पासून रोज जीएसटीचं बिल फाडणाऱ्या कापडवाल्याला जीएसटी म्हणजे काय ते समजावत होते! मग मुद्द्याची गोष्ट तीन ओळींत: सेटअपवर डबल क्लिक करा, नेक्स्ट दाबा, फिनिश दाबा. या दोन बटणांच्या मध्ये काय काय अडतं, त्यावर चकार शब्द नाही. यंदा कंपनीनं आमच्यासारख्यांकडून तक्रारी मागवल्या. मी एररच्या स्क्रीनचे फोटो पाठवून दिले आणि विसरून गेले. नवी आवृत्ती उघडली तर त्यातले बरेचसे एरर आत छापलेले, कारणासकट.

सगळ्यात मोठी सुधारणा डॉटनेटच्या पानावर आहे. या सॉफ्टवेअरला डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ हा विंडोजचा जोडभाग लागतो, आणि विंडोज १० किंवा ११ मध्ये तो आपोआप चालू नसतो. विंडोज तो अपडेटमधून खेचायला जातं, नेट नसलं की ०एक्स८००एफ०८१एफ असा कोड तोंडावर फेकून थांबतं. किराणा ओळीतल्या दुकानात नेट म्हणजे शेटचा मोबाइल, आणि शेट त्याच मोबाइलवर भाव विचारत असतो. मागून पोरगा दर पाच मिनिटांनी, "ताई, होऊन राहिलं का?" जुनं मॅन्युअल इथे म्हणायचं, 'इंटरनेट तपासा'. आता तोच कोड ठळक अक्षरात दिला आहे. त्याखाली लिहिलंय की विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमध्ये सोर्सेस फोल्डरच्या आत एसएक्सएस नावाचं फोल्डर असतं, त्यातून नेटशिवाय ३.५ चालू करता येतं. त्यासाठी डिझम या विंडोजच्याच टूलची अख्खी कमांड छापली आहे आणि ड्राइव्हचं अक्षर कुठे बदलायचं तिथे गोल केला आहे. पेनड्राइव्ह मशिनवरच्या विंडोजच्याच आवृत्तीचा हवा, हेही लिहिलंय. हे पान ज्यानं लिहिलं त्यानं एकदा तरी दुकानात बसून सेटअप मारला असणार.

दुसरी सुधारणा निळ्या खिडकीची. सेटअप चालू केला की विंडोज 'प्रोटेक्टेड युअर पीसी' म्हणून अडवतं. आधीचा सल्ला होता, अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मशिनचं कुलूप काढायचं आणि पुन्हा लावायचं सगळ्यांनीच विसरायचं. आता सांगितलंय की 'मोअर इन्फो' दाबा, पब्लिशरच्या जागी कंपनीचं नाव आहे का बघा, असेल तरच 'रन एनीवे'. 'अननोन पब्लिशर' दिसलं तर फाइल काढून टाका आणि कंपनीच्या साइटवरून पुन्हा घ्या. मेमरी कार्डावरून सेटअप वाटत फिरणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे ही ओळ फार गरजेची होती.

तारखेचंही काम झालं. मशिनचं रीजन, म्हणजे विंडोजमधली देशाची सेटिंग, अमेरिकेची राहिली की तारखेत महिना आधी येतो. या सॉफ्टवेअरमध्ये मग ५ एप्रिलचं बिल ४ मेच्या खात्यात जाऊन बसतं, आणि रिटर्न भरताना सीए आपल्यावर खेकसतो. रीजन आधी 'इंग्लिश इंडिया' करून घ्या, ही सूचना आता सेटअपच्या आधी आहे. पूर्वी ती शेवटी, 'टिपा' म्हणून होती. चूक होऊन गेल्यावरची टीप कोण वाचतो?

आता जे जमलं नाही ते. दोन काउंटर जोडायचा भाग अजून अर्धवट आहे. आतला डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आहे आणि त्यात टीसीपी/आयपी, म्हणजे दुसऱ्या मशिनवरून नेटवर्कनं जोडायची सोय, मुळात बंद असतं. ते चालू करा एवढं लिहिलंय. त्यानंतर डेटाबेसची सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय ते लागू होत नाही, हे लिहिलेलं नाही. नवं राउटर जोडलं की विंडोज बरेचदा त्याला 'पब्लिक', म्हणजे परकं नेटवर्क धरतं आणि फायरवॉल, म्हणजे विंडोजचा पहारेकरी, दुसऱ्या काउंटरला आत घेत नाही, त्याचाही उल्लेख नाही. सेटअप बसवणारा नवीन पोरगा इथे हमखास अडकणार.

त्याहून वाईट बॅकअपचं. जुन्या आवृत्तीवर नवी चढवायची कृती पान १९ वर आहे आणि 'आधी बॅकअप घ्या' हे पान ३१ वर. मी हे आधीच्या तक्रारीतही लिहिलं होतं. मार्चअखेरीला एखाद्या गांधीबागवाल्याचा वर्षभराचा डेटा गेला तर पान ३१ दाखवून त्याचं समाधान होणार आहे का? लाल चौकटीत दोन ओळी पान १९ च्या डोक्यावर टाकायला असा किती वेळ लागतो!

मराठी प्रतीतले स्क्रीनचे फोटो जुन्याच आवृत्तीचे आहेत. बटणांच्या जागा बदलल्या आहेत, त्यामुळे गोंधळ उडतो. भाषा मात्र सुटसुटीत आहे. दुकानातली मुलं मला फोन न लावता स्वतः वाचून पुढे जातात, हे गेल्या आवृत्तीत शक्य नव्हतं.

पाचपैकी साडेतीन. बॅकअपची चौकट योग्य जागी आली की चार देईन. प्रिंट काढणार असाल तर पान ८ ते २४ काढा आणि पान १९ च्या वर पेनानं 'आधी बॅकअप' लिहून घ्या.